गच्चीवर वाळवलेली हार्ड डिस्क

मे महिन्यात जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत खिडकीची जागा मिळाली की नशीब उघडलं असं वाटतं. एरंडोलपर्यंत खिडकी उघडी ठेवून मी धूळ खाल्ली, पारोळ्यानंतर बंद ठेवून घामाने भिजलो. मांडीवर रेक्झिनची बॅग होती. तिच्यात दोन स्क्रूड्रायव्हर, एक मल्टिमीटर, मशीन चालू करायची एक फ्लॉपी आणि कोऱ्या फ्लॉप्यांचा एक डबा. आणि ज्या मशीनसाठी चाललो होतो ते दीड वर्षापूर्वी मीच बसवलं होतं.

नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सकाळी शिकवायचो आणि दुपारी मशीनं जोडायचो, दुरुस्त करायचो. माझं शिक्षण म्हणजे नाशिकचा सहा महिन्यांचा कोर्स आणि हाताळून हाताळून मेणचटलेलं एक इंग्रजी पुस्तक. पण जामनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटर उघडतो म्हटल्यावर लोक मला डॉक्टर समजत, आणि मीही अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. प्रत्येक घरी मशीन बसवलं की एक छोटं भाषण ठोकायचो. 'याला गारवा लागतो. माणसाला नसला तरी चालेल, याला पाहिजेच.' असं मी अगदी भुवया उंचावून सांगायचो.

पुस्तकात 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'कोरड्या' मी नाशिक ते जळगावच्या वाटेत कुठे सांडलं, देव जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी धुळ्याच्या मॅडमचा फोन आला. त्या तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर पीएचडी करत होत्या. बाई एरवी इतक्या शांत, की लाईट गेली तरी आधी वाक्य पूर्ण करतील. त्या दिवशी आवाज कापत होता. "मशीन सुरू होतं, पण हार्ड डिस्क उत्तरच देत नाही. सोमवारी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठात जमा करायचाय. मुदतवाढ एकदा घेऊन झालीय. यापुढे नोंदणीच रद्द होते." पहिली तीन प्रकरणं त्यांनी छापून ठेवली होती. उरलेली चार आणि सगळे तक्ते फक्त त्या डिस्कमध्ये. आकड्यांच्या वह्या होत्या, पण वह्यांवरून ते तक्ते उभे करायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं, आणि आता हातात जेमतेम तीन दिवस होते.

"फ्लॉपीवर कॉपी नाही घेतली?" मी जरा गुरुजीच्या सुरात विचारलं.

"घेतलीय ना. त्याही चालत नाहीयेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या घरी पोचलो. लहानसं, टापटिपीचं घर. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, आणि शेजारी ती आतली खोली, जिथे कॉम्प्युटर होता. मी दार ढकललं आणि अंगावर शहारा आला. बाहेर ऊन चढत होतं आणि आत सिमला. खिडकीत भला थोरला कूलर, त्याचं तोंड सरळ कॉम्प्युटरच्या डब्यावर रोखलेलं. गवताच्या पडद्यांतून पाणी ठिबकत होतं आणि ओला वारा भसाभस डब्याच्या भोकांतून आत शिरत होता.

"हा कधीपासून असा आहे?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळाभर बंद करत नाही. रात्रीसुद्धा नाही."

"मग तुम्ही कुठे झोपता?"

"आम्ही गच्चीवर."

घरात कूलर एकच होता. तो त्यांनी कॉम्प्युटरला दिला होता. मॅडमचे वडील सत्तरीला टेकलेले, आई गुडघ्यांनी हैराण, आणि ही सगळी मंडळी माझ्या एका भाषणापायी दोन उन्हाळे गच्चीवर तळमळत होती. फ्लॉप्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर मॅडमनी कूलरच्या टपावरून एक डबी काढून दिली. थंड राहाव्यात म्हणून तिथे ठेवल्या होत्या. आतल्या चकत्यांवर पांढरी बुरशी धरली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कोणावर?

मी आधी तो कूलर बंद केला. मग शहाण्यासारखं कामाला लागलो.

कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर अक्षरं उमटली, मोजणी झाली, आणि मग हार्ड डिस्क सापडत नाही असा एका ओळीचा निरोप. बंद केला, डबा उघडला. पहिली शंका नेहमी वायरींवर घ्यायची, हा आमचा धर्म. माणसं डिस्क मेली म्हणून रडतात आणि निघते ढिली वायर. वायरी काढल्या तर टोकांवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरलेली. मॅडमनी ती नखाने खरवडली, उजेडात धरली.

"कॅल्शियम," त्या म्हणाल्या. "थोडं मॅग्नेशियमही असेल. आमच्या बोअरचंच पाणी आहे कूलरला." मग स्वतःशीच हसल्या. "पाच वर्षं गावोगावचं हेच मोजतेय मी, आणि घरात काय चाललंय ते दिसलं नाही." हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. तो बराच वेळ पुसत राहिल्या तेव्हा मी वायरींकडे बघत बसलो.

खोडरबराने टोकं घासली, वायरी परत बसवल्या. काही फरक नाही. मशीनमधली बॅटरी उतरली की त्याला आपल्या पोटात कुठली डिस्क आहे तेच आठवत नाही, म्हणून डिस्कवरच्या चिठ्ठीतले आकडे बघून ते पुन्हा भरले. काही नाही. डिस्कला वीज पोचते का ते मल्टिमीटरने पाहिलं. पोचत होती. माझ्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि डिस्कला नावाने हाक मारली, तर अशी डिस्कच नाही म्हणे.

शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला लावलं, मूठ कानाला, आणि मॅडमना म्हटलं, चालू करा. आतून बारीकसा आवाज आला. टुक्. मग थोडा वेळ शांतता. पुन्हा टुक्. आतली चकती फिरायला बघत होती आणि फिरू शकत नव्हती.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात, आणि त्यांच्यावर वाचायची टोकं टेकलेली. डबा बंद असतो, पण हवेसाठी एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. तेवढ्यातून दोन उन्हाळ्यांची ओल आत गेली होती आणि टोकं चकतीला चिकटून बसली होती. मी डिस्क हातात घेऊन मनगटाने हिसके दिले, कडेला बोटाने टकटक केलं. मॅडम श्वास रोखून बघत होत्या. टुक्. टुक्. बस.

एवढ्यात दारातून आवाज आला. "काय व्हयनं भाऊ? जित्ती शे का गई?"

मॅडमचे वडील. गल्ली त्यांना आबा म्हणे. आयुष्यभर कापडगिरणीत सायझिंग खात्यात काम केलेले, म्हणजे सुताला खळ लावून ते तापत्या रुळांवर वाळवायचं काम. मुलीशी आणि बायकोशी अहिराणीत बोलत आणि माझ्याशीही तसंच. मी त्यांना चिकटण्याचा प्रकार समजावून सांगितला. सांगताना मला वाटत होतं की या म्हाताऱ्याला काय कळणार. आबांनी डिस्क तळहातावर घेतली, दोन क्षण धरली, आणि म्हणाले, "थंडीगार शे. ओलं सूत असंच चिकटस. तपाडी दे ना भाऊ."

तापवून दे. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं, की अडकलेली डिस्क हलकेच गरम करून पाहावी. ते पान मी किती वेळा वाचलं होतं, पण वर्षभर 'गारवा, गारवा' असा जप केल्यावर तोंडातून 'गरम' हा शब्द निघेना.

आता गरम कशावर करायची? स्टोव्हवर धरली तर जळायची. इस्त्रीचा विचार झाला. आबांनी वर बोट दाखवलं आणि मला माझीच कीव आली. खानदेशात मे महिन्यात उष्णता शोधत घरात फिरणारा माणूस म्हणजे मीच असणार.

गच्चीवर मॅडमच्या आईने बिबड्या घातल्या होत्या. ज्वारीच्या त्या पातळ चकत्या ओल्या धोतरावर थापून ओळीने वाळत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी माझ्या हातातली डिस्क पाहिली, मुलीचं तोंड पाहिलं, काही न विचारता दोन बिबड्या उचलून जागा केली, आणि वर म्हणाल्या, "खाले फडकं टाक. फरशी भाजी काढी." मी फडकं टाकलं, डिस्क ठेवली, तिचं हवेचं छिद्र वर केलं, आणि धूळ जाऊ नये म्हणून वर मलमलचा तुकडा पसरला. साडेदहा वाजले होते. त्या उन्हाळ्यात धुळ्यात बाराच्या ठोक्याला लाईट जायची आणि चारला यायची. चारला आल्यावर डिस्क चालली, तरी मला संध्याकाळच्या बसने जळगाव गाठायचं होतं, कारण छपाई आमच्या क्लासच्या प्रिंटरवर व्हायची होती आणि रविवारचा पूर्ण दिवस त्याला लागणार होता.

मी जिन्याच्या सावलीत बसलो. आबा उन्हातच, डोक्याला पंचा गुंडाळून, हातात कावळे हाकायची काठी. कावळ्यांचा बिबड्यांवर डोळा होता, पण आबांचा सगळा पहारा डिस्कवर होता. एका कावळ्याने त्या नादात दोन बिबड्या नेल्या आणि अक्कांनी आबांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

बसल्या बसल्या आबा त्या प्रबंधाच्या गोष्टी सांगत होते. पाणी आणायचं काम त्यांचं. निवृत्तीनंतर रिकामं बसवत नव्हतं आणि मुलीला कॉलेज सोडून गावोगाव फिरता येत नव्हतं. मग सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवायचे आणि निघायचं. साक्रीच्या अंगाला, पार आपल्या जुन्या गावापर्यंत. स्वतःची बादली, स्वतःचा दोर. एका गावात सरपंचाला वाटलं, हे सरकारी माणूस आहेत आणि विहीर मंजूर करायला आलेत. त्याने पोहे खाऊ घातले, आणि खरं कळल्यावर चहा मात्र दिला नाही. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं तेव्हा एक कॅन सांडला, तर आबा दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पाण्यासाठी बावीस मैल परत गेले. "एखादं पाणी चुकलं तरी चालेल, असं मुलगी म्हणाली नव्हती का?" मी विचारलं. आबा म्हणाले, "तिनी नही म्हनं. पन मी इचारंच नही."

मध्येच उठून ते डिस्कला तळहात लावून बघत. मी म्हटलं, पुरे आता. ते म्हणाले, थांब. तिसऱ्यांदा हात लावला, झटक्यात मागे घेतला, आणि म्हणाले, "आते लई जाय."

अकरा वाजून दहा मिनिटं. डिस्क फडक्यात गुंडाळून खाली आणली, गरम गरम जोडली, मनगटाचा एक शेवटचा हिसका दिला आणि मॅडमना खूण केली.

टुक्. मग एक लांबलचक घरघर, आणि ती चढत चढत बारीक शीळ झाली. चकती फिरत होती. मॅडमनी टेबलाची कड धरली. मी नास्तिक माणूस, पण हात जोडले.

"आता काहीही झालं तरी बंद करायचं नाही," मी म्हटलं. "ही परत उठेल याचा भरवसा नाही. चौथ्या प्रकरणापासून ओळीने घेऊ."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी तक्ते. शब्द मी पुन्हा लिहीन. आकडे नाही लिहिता येणार." आवाज आता कापत नव्हता. मी निमूटपणे तक्ते घेतले.

डिस्क आजारी होती. एका फाईलला एरवी दोन-चार सेकंद लागायचे, तिथे चार-चार मिनिटं ती कण्हत होती. दर थोड्या वेळाने पडदा थांबे आणि विचारे, सोडून देऊ, की पुन्हा बघू? पुन्हा बघ, पुन्हा बघ. त्या एकाच कळीवर माझं बोट दुखायला लागलं. पंखासुद्धा बंद होता. गार हवेची मला इतकी दहशत बसली होती की मी तो लावूच दिला नाही. चौघेही घामाने निथळत उभे. तक्ते आले. चौथं आलं. पाचवं आलं. सहाव्याला दोनदा अडकलं आणि आलं. आबा माझ्या मागे उभे राहून भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने सांगत होते, आणि दर वेळी मला वाटत होतं की त्यांना गप्प बसा म्हणावं. बाराला पाच कमी असताना सातवं आलं. संदर्भसूची आली. मी शेवटची फाईल लावली.

लाईट गेली.

डिस्कची शीळ उतरत उतरत थांबली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ बंद पडला. मी फ्लॉप्या काढून छातीशी धरल्या आणि म्हटलं, "मॅडम, झालं. सगळं आलं. एका पानाची एकच फाईल राहिली, ती काही महत्त्वाची नसेल." मला नाचावंसं वाटत होतं. अक्का तर डोळे पुसत बिबड्या आणायला गच्चीवर गेल्यासुद्धा.

मॅडम हसल्या, पण जरा उशिराने. "असू दे. लिहीन परत," त्या म्हणाल्या.

"काय गयं?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा. आभाराचं पान होतं."

"कोना आभार?"

मॅडम टेबलावरच्या वह्या एकावर एक रचू लागल्या. आबा इंग्रजी वाचत नव्हते. ते पान डिस्कमध्ये राहिलं असतं, छापलं असतं, विद्यापीठाच्या कपाटात जाऊन बसलं असतं, तरी आबांना ते कधीच कळलं नसतं, आणि माझा अंदाज आहे की मॅडमना तसंच हवं होतं. समोर बसून बापाचे आभार मानायची आमच्याकडे रीत नाही. मी बॅग आवरायचं नाटक केलं. मग त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, माझ्याशी बोलायच्या त्या भाषेत नाही, आबांच्या भाषेत.

"त्यामा लिखेल व्हतं, या बठ्ठ्या इहिरीसनं पानी मना बापनी काढं. सायकलवर आनं. त्यामधल्या चार इहिरीसवर न्हानपने त्याले चढू देत नव्हतात."

आमच्या गावातही दोन विहिरी होत्या, एक गावात आणि एक गावाबाहेर. दोन का, हे मी चोवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. घामाने भिजलेला असूनही माझे कान तापले. मला लाज वाटली, आणि कुठे बघावं तेही कळेना.

आबा काठी धरून उभे होते. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. मग कोणी तक्त्यातला आकडा चुकवला तर सांगावं, तसं अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"चार नही, पोरी. पाच व्हत्यात. पाचवीनं मी तुले सांगं नव्हतं."

डिस्क पुन्हा उठली नाही. चारला लाईट आली, आम्ही तिला पुन्हा ऊन दिलं, हिसके दिले, पण तिचं टुक् टुक्ही थांबलं होतं. संध्याकाळच्या बसने मी निघालो तेव्हा फ्लॉप्यांबरोबर मॅडमनी हाताने लिहिलेला एक कागद दिला. रविवारी जळगावात तो मीच टाइप केला आणि मीच छापला. सोमवारी जमा झालेल्या प्रबंधात, पहिल्याच पानावर, पाच आहे.